त्याच बिया, तेवढेच क्लिक, तरी सोमवारी फिल्टर तुंबतो

ग्राइंडर तोच, कॉफीच्या बिया त्याच पाकिटातल्या, क्लिकही मोजून तेवढेच. (क्लिक म्हणजे दात्यांमधली फट ठरवणाऱ्या चाकीचा एकेक टप्पा: घट्ट केला की दळण बारीक, सैल केला की जाड.) तरी एखाद्या सकाळी स्टीलच्या फिल्टरमधून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट काळा अर्क, उतरतच नाही. वरच्या भांड्यात काळं पाणी तसंच उभं आणि खाली अर्ध्या तासात जेमतेम दोन चमचे. दुसऱ्या दिवशी क्लिक सैल करावेत, तर तेच पाणी चार मिनिटांत खाली येतं आणि कॉफी लागते पाणचट, आंबूस. दूध कितीही आटवा, तिला अंग येत नाही.

हा त्रास मी जवळजवळ वर्षभर काढला. आमच्याकडे हाताने फिरवायचा, स्टीलच्या दात्यांचा ग्राइंडर आहे. रोज सकाळी २० ग्रॅम बिया दळायच्या, दोघा-तिघांना पुरेल असा दोन मजली दक्षिणी फिल्टर लावायचा. दरवेळी मी एकच उपाय करत होते. तुंबलं की दोन क्लिक सैल, पाणचट झाली की दोन क्लिक घट्ट. आज काय चुकलं ते कळायच्या आतच उद्याची मांडणी बदललेली असायची. त्यामुळे पहिली विनंती ही, की तुमच्याकडे असं होत असेल तर आठवडाभर क्लिकना हात लावू नका. दोष बहुतेक वेळा क्लिकमध्ये नसतोच.

आधी फिल्टरच बघा. दळण बारीक झालंय असं वाटतं आणि खरं कारण खालच्या भांड्यातली कोंडलेली हवा असते. वरच्या भांड्याचं बूड खालच्याच्या तोंडात घट्ट बसतं, कडेला पाण्याची ओल आली की फट बंद होते, आणि आतली हवा बाहेर पडू शकली नाही की थेंब थांबतात. वरचं भांडं कडेला धरून केसभर उचला आणि परत ठेवा. बारीकसा ‘टक्’ आवाज येतो आणि धार सुरू होते. तशी झाली तर त्या दिवशी दळणाचा काही दोष नव्हता. आता मी भांडं बसवतानाच हात फिरवून बघते. फार घट्ट वाटलं तर दोन्ही कडा फडक्याने कोरड्या करते.

दुसरं, भांड्याची छिद्रं. रिकामं भांडं खिडकीसमोर उजेडाकडे धरा. सगळी छिद्रं चांदण्यांसारखी दिसली पाहिजेत. आमच्या भांड्याची निम्मी छिद्रं बुजलेली होती आणि रोज घासूनही ते कधी लक्षात आलं नव्हतं, कारण घासणी छिद्रात शिरत नाही. जुना उपाय चांगला आहे: भांडं निखळ स्टीलचं असेल तर कोरडं करून सांडशीत धरायचं आणि गॅसच्या मंद आचेवर अर्धा मिनिट फिरवायचं. छिद्रांतली पूड जळून सुटते. गार झाल्यावर जुन्या टूथब्रशने घासायचं. प्लॅस्टिकची मूठ किंवा कडा असेल तर हे करू नका, सुईने एकेक छिद्र मोकळं करा.

हे दोन्ही ठीक असूनही तुंबत असेल, तर मग ग्राइंडरकडे वळायचं.

माझ्याकडे उलगडा झाला तो दुधाच्या कॅलेंडरवर. स्वयंपाकघराच्या दाराआड ते टांगलेलं असतं, त्यावर किती दूध घेतलं ते आम्ही लिहितो. फेब्रुवारीत मी त्याच चौकोनांत कॉफीचंही लिहायला लागले. तुंबली तर ‘तुं’, पाणचट झाली तर ‘पा’, नीट झाली तर नुसती टिंब. सोबत डिकॉक्शन उतरायला लागलेली मिनिटं. वेगळी वही केली असती तर आठ दिवसांत सुटली असती. दुधाचा आकडा मात्र रोज लिहावाच लागतो, त्यामुळे हेही लिहिलं गेलं. एप्रिलअखेर तीन पानं एकाखाली एक धरली तेव्हा नऊ ‘तुं’ दिसले, आणि त्यांतले सहा एकाच उभ्या रांगेत, सोमवारच्या. ‘पा’ बहुतेक शनिवारी.

ते बघून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. बिया काही वार बघत नाहीत. म्हणजे सोमवारी आणि शनिवारी आपणच काहीतरी वेगळं करत होतो.

सोमवारचं कोडं लवकर सुटलं. रविवारी दुपारी मी ग्राइंडर उघडून ब्रशने झाडते. साफ केल्यावर परत जोडताना शून्यापासून क्लिक मोजावे लागतात आणि चूक तिथेच होती. शून्य म्हणजे दोन्ही दाते एकमेकांना नुसते टेकतात ती जागा. मी मात्र चाकी फिरेनाशी होईपर्यंत आवळत होते आणि तिथून १८ मोजत होते. ग्राइंडर नवा आणला तेव्हा हलक्या हाताने टेकवून मोजले होते, म्हणून १८ जमले होते. या दोन शून्यांमध्ये माझ्या ग्राइंडरवर तीन क्लिकचं अंतर निघालं. म्हणजे दर रविवारी मी नकळत दळण तीन क्लिकने बारीक करत होते, सोमवारी फिल्टर तुंबत होता, मंगळवारी मी वैतागून दोन-तीन सैल करत होते आणि आठवडा पुन्हा मार्गी लागत होता.

शून्य शोधायची माझी आताची पद्धत अशी. ग्राइंडर रिकामा, उभा धरायचा. चाकी एकेक क्लिक घट्ट करत जायची आणि प्रत्येक वेळी दांडा बोटाने हलकेच ढकलायचा. आधी तो सहज गरगर फिरतो. मग एका जागी धातूला धातू घासल्याचा पुसट आवाज येतो, दांडा स्वतःहून थांबायला लागतो. तेच शून्य. पुढे आवळायचं नाही. त्याने दात्यांची धारही खराब होते. आणि एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा: तुमचे १८ आणि माझे १८ एक नाहीत. एका क्लिकमागे दाते किती शतांश मिलिमीटर सरकतात हे प्रत्येक ग्राइंडरचं निराळं असतं. शेजारणीने सांगितलेला आकडा तिच्याच ग्राइंडरसाठी खरा.

आकड्यापेक्षा बोटांवर विश्वास ठेवलेला बरा. आपल्याला लहानपणापासून रवा, कणी, भरड, पीठ, मैदा हे सगळे पोत बोटांनी ओळखता येतात. फ्रेंच प्रेससाठी दळण लापशीच्या जाड रव्यासारखं हवं, चार मिनिटं भिजून वरून दट्ट्या दाबला की गाळ खाली बसावा असं. दक्षिणी फिल्टरला बारीक रवा आणि त्याहून किंचित खाली. मोका पॉटला, म्हणजे गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी करायच्या भांड्याला, मिठासारखं. चिमटीत धरून चोळल्यावर पूड बोटांच्या रेघांत मैद्यासारखी भरून राहिली, तर फिल्टरला ती बारीक झाली. नुसती घरंगळून पडली, तर जाड.

या पुडीत थोडी धूळ असतेच, ग्राइंडर कितीही चांगला असला तरी. बी भाजून पोकळ आणि ठिसूळ झालेली असते. ती फुटते तेव्हा मोठ्या कण्यांबरोबर अगदी बारीक भुगाही उडतो. पाणी ओतलं की हाच भुगा कण्यांच्या फटींतून खाली सरकतो आणि छिद्रांवर थर धरून बसतो. तुंबतं ते यामुळे. म्हणून ‘दळण किती बारीक’ यापेक्षा ‘दळणात भुगा किती’ हा प्रश्न विचारावा. क्लिक तेवढेच राहूनही भुगा कमी-जास्त होऊ शकतो, आणि शनिवारचं उत्तर त्यात होतं.

शनिवारी मी उशिरा उठते. कॉफी नवरा दळतो. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘मी तुझ्यासारखंच दळतो.’ पुढच्या शनिवारी सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांचं माहेर वाईजवळच्या एका गावातलं. लग्नापर्यंत त्यांनी पहाटे जात्यावर दळलेलं आहे. त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, ‘अगं, तो आडवा धरून फिरवतोय. तू उभा धरतेस.’

मी म्हटलं, ‘आई, त्याने काय होतंय? दाते तेच आहेत.’

‘होतंय कसं नाही? जात्यात वैरण कोण घालतंय त्यावर पीठ असतं. एकदम ओंजळभर घातलीस की भरड पडतं. चिमटी-चिमटीने घातलीस की बारीक.’

वैरण हा शब्द त्या दिवशी मला नव्याने भेटला. जात्याच्या तोंडात हाताने जे धान्य सोडतात ती वैरण. ग्राइंडर उभा धरला की वरच्या सगळ्या बिया आपल्या वजनाने दात्यांवर लोटतात, म्हणजे भरघोस वैरण. आडवा किंवा बराच तिरका धरला की बिया दोन-दोन, चार-चार करून आत जातात. नवरा चिमटीने वैरत होता, मी ओंजळीने.

सासूबाईंच्या हिशोबाने त्याचं दळण बारीक यायला हवं होतं. आलं होतं उलट, मोकळं, कमी भुग्याचं, म्हणून पाणी सरळ खाली जात होतं. यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो आणि मला वाटतं कारण सापडलं. जात्याची वरची तळी मोकळी असते, नुसत्या वजनाने खालच्या तळीवर बसलेली. वैरण जास्त झाली की ती उचलली जाते, फट वाढते, भरड पडतं. ग्राइंडरमधली फट चाकीने बांधलेली असते, ती उचलली जात नाही. तिथे जास्त बिया घुसल्या तर त्या एकमेकींवर घासतात, फुटलेल्या कण्यांना बाहेर पडायला वाट लवकर मिळत नाही, त्या पुन्हा चिरडल्या जातात आणि भुगा वाढतो. वैरणीवर दळण ठरतं हे त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं, फक्त या यंत्रात दिशा उलटी.

हे कळल्यावर दोन वाटा होत्या. सगळ्यांनी उभा धरायचा, किंवा सगळ्यांनी तिरका. आम्ही तिरका ठरवला, साधारण घड्याळातल्या दोनच्या काट्याइतका, कारण कमी भुग्याची कॉफी जास्त स्वच्छ लागते. त्यासाठी क्लिक १८ वरून १६ वर आणले. वेळ मात्र जास्त लागतो. २० ग्रॅमला आधी मिनिटभर पुरायचा, आता पावणेदोन मिनिटं. तुम्ही उभा धरत असाल आणि कॉफी आवडत असेल तर बदलायचं काही कारण नाही. घरात दळणारे हात दोन असतील तर दोघांची वैरण एकसारखी हवी, एवढंच.

आता उरलेल्या तीन ‘तुं’कडे. त्यांतले दोन निरनिराळ्या शुक्रवारचे होते आणि त्या दोन्ही दिवशी मी ग्राइंडर ओट्यावर जोराने ठोकला होता, कारण पूड अडकल्यासारखी वाटली होती. घरात बारीक वजनाचा काटा असेल तर एक प्रयोग करून बघा. २० ग्रॅम बिया घाला आणि बाहेर आलेली पूड मोजा. माझ्याकडे साफ केल्यानंतरच्या दिवशी १९.१ यायची, मधल्या दिवसांत १९.८ च्या आसपास. जी राहते ती नाहीशी होत नाही, दात्यांच्या मागे, दांड्याच्या बुडाशी, कोपऱ्यांत साचते, आणि तीही जास्त करून बारीक भुग्याची. शुक्रवारी ठोकलं की चार दिवसांचा शिळा भुगा एकदम आजच्या पुडीत पडतो. फिल्टर तुंबतो आणि कॉफीला जुनाट तेलाचा वासही येतो. उपाय अगदी साधा आहे. रोज दळून झाल्यावर तळहाताने तीनच थापट्या, आणि रंगाच्या मऊ ब्रशने दहा सेकंद झाडणं. रोजचा भुगा रोज निघतो. रविवारच्या सफाईनंतर चार-पाच ग्रॅम जुन्या बिया दळून टाकून देते, म्हणजे रिकामे कोपरे आधीच भरतात आणि सोमवारचं वजन जागेवर येतं.

राहिलेला शेवटचा ‘तुं’ नव्या पाकिटाच्या पहिल्या दिवशीचा होता. भाजल्यानंतर बियांच्या आत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर येत राहतो. पाकिटावर एकाच बाजूने हवा सोडणारी गोल झडप असते ती त्यासाठीच. अगदी ताज्या बिया दळून वर गरम पाणी ओतलं की पूड फुगते, फेस येतो, आणि त्या बुडबुड्यांमुळे पाणी धड खाली उतरत नाही. अशा वेळी आधी तीन-चार चमचे गरम पाणी पुडीवर गोल फिरवून घालायचं, चाळीस सेकंद थांबायचं, पूड बसली की उरलेलं पाणी ओतायचं. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तर ती बघून घ्या. पाच-सहा दिवस झालेल्या बिया माझ्या फिल्टरला सर्वांत शहाण्यासारख्या वागतात. दीड महिना उलटला की उलटा त्रास सुरू होतो, पूड फुगतच नाही, पाणी लवकर उतरतं आणि चव लाकडासारखी. तिथे दोन क्लिक घट्ट केल्याने वेळ सुधारते, चव परत येत नाही. म्हणून २५० ग्रॅमहून मोठं पाकीट मी घेत नाही.

प्रमाणाबद्दल एकच सांगते. पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते. २० ग्रॅमवर १२० मिलिलिटर ओतलं तर ८० च्या आसपास डिकॉक्शन खाली मिळेल. बाकीचं ‘अडकलं’ असं समजून फिल्टरसोबत येणाऱ्या दांडीच्या चकतीने पूड दाबू नका. दाबलं की भुगा छिद्रांत जाऊन बसतो. चकती पुडीवर अलगद टेकवायची, इतकंच. माझ्याकडे १२ ते १५ मिनिटांत उतरलेलं डिकॉक्शन सर्वांत चांगलं लागतं. पाणी उकळलं की लगेच ओतते. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या पुढे असल्यामुळे पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कॉफी जळेल ही भीती बाळगून ते निववत बसायची गरज मला वाटत नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या दिवसांत आणखी एक उपद्रव असतो. पूड उडते. डब्याच्या भिंतीला, ब्रशला, बोटांना चिकटते, सालीचे पापुद्रे ओटाभर होतात. घर्षणाने विद्युतभार येतो त्याचा हा परिणाम. केसांतून कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आपण शाळेत खेळलो तेच. हा भार बारीक भुग्याच्या गुठळ्याही करतो, त्यामुळे फिल्टरमध्ये थर एकसारखा पसरत नाही. उपाय पाण्याच्या एका-दोन थेंबांचा. चमच्याची दांडी ओली करून झटकायची आणि दळायच्या आधी बियांमधून फिरवायची. बिया ओल्या दिसता कामा नयेत, फक्त चमक गेल्यासारखी वाटली पाहिजे. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. दळण्याआधी थोडं पाणी दिलं की भार कमी होतो आणि बियांमध्ये मुळात ओल किती आहे त्यावरही भार ठरतो, असं त्यांना दिसलं. गडद भाजलेल्या बिया जास्त कोरड्या, म्हणून त्यांची पूड जास्त उडते. मला पहिल्या दिवशीच फरक दिसला. डब्याच्या भिंती स्वच्छ, आणि काट्यावर १९.९.

सासूबाईंना याचं काहीच नवल वाटलं नाही. गहू दळायला नेण्याआधी पाण्याचा हात लावून ठेवायची त्यांची जुनी सवय आहे. तिथलं कारण वेगळं, कोंडा चिवट होऊन मोठ्या पापुद्र्यांत सुटावा म्हणून. पण ओल्या हाताने दळण बदलतं हे त्यांना ठाऊक होतंच.

जून आला की चमचा कोरडा ठेवायचा. तेव्हा हवेतच इतकी ओल असते की थेंब घातला तर गुठळ्या होतात. पावसाळ्यात बिया मूळ पाकिटातच, हवा काढून, घट्ट डब्यात ठेवा. डबा गॅसजवळ नको, फ्रिजमध्ये नको. फ्रिजमधून काढलेल्या गार बियांवर लगेच दव धरतं, रोज आत-बाहेर केलं की आठवड्यात त्या मऊ पडतात. मऊ झालेली बी दाताखाली फोडली तर कुडकुडत नाही, दबते. तशी बी दळली तर दाते तिला फोडण्याऐवजी चेपतात. अशा बिया मंद तव्यावर गरम करून बघितल्या, कुरकुरीत झाल्या, सुवास मात्र गेला. तो उपाय मी सोडून दिला. पावसाळ्यातच स्टीलच्या दात्यांवर तांबूस ठिपकेही आले होते, मी ते नळाखाली धुतले होते म्हणून. दाते पाण्याने धुवू नका. कोरडा ब्रश आणि कोरडं सुती फडकं पुरतं. कच्चे तांदूळ घालून फिरवा असा सल्ला मिळतो, तो मी हाताच्या ग्राइंडरला देणार नाही. भाजलेल्या बीपेक्षा तांदूळ फार कठीण असतो.

ज्यांच्या घरी चिकोरी लागते त्यांच्यासाठी. चिकोरी हे भाजलेलं मूळ, आपल्याकडे गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात ते पिकतं. त्याने डिकॉक्शन दाट आणि गडद होतं, आणि उतरतंही सावकाश. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरीही असू शकते. ते प्रमाण छापलेलं असतं, वाचून घ्या. घरी दळत असाल तर चिकोरीची तयार पूड वेगळी आणा आणि दळून झाल्यावर चमच्याने मिसळा, माझ्याकडे २० ग्रॅमला ३ ग्रॅम. ती ग्राइंडरमध्ये घालायची नाही. हवेतली ओल ओढून ती चिकट होते आणि दात्यांवर काळा लेप बसतो. चिकोरी वाढवली त्या दिवशी फिल्टर मंद झाला, तर तेही क्लिकचं दुखणं नाही.

बियांची जातही बघायला हवी. भारतीय पाकिटांवर ‘प्लांटेशन ए’ असं लिहिलेलं असतं, ती धुऊन तयार केलेली अरेबिका, म्हणजे कॉफीची एक जात. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा धरलेला, तो वाटाण्यासारखा घरंगळतो आणि तिरक्या ग्राइंडरमध्ये भराभर आत जातो, म्हणून त्याला माझ्याकडे एक क्लिक सैल. ‘मॉन्सून्ड मलबार’च्या बिया पश्चिम किनाऱ्यावर मुद्दाम पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवलेल्या असतात, त्या हलक्या आणि ठिसूळ, भुगा जास्त करतात. दळताना हातालाच कळतं. फिकट भाजलेली बी दांड्याला झुंजायला लावते, गडद भाजलेली कुरकुर करत पटकन संपते. पाकीट बदललं की पहिला दिवस हातात काय लागतं ते ऐकायचा. क्लिक दुसऱ्या दिवशी, आणि एका वेळी एकच.

ग्राइंडर नाही, मिक्सरच आहे, असं पुष्कळ घरांत असतं. आमच्याकडेही आधी तेच होतं आणि त्यात कॉफी वाईट होते असं मी म्हणणार नाही. मिक्सरचं पातं दळत नाही, कापतं. तिथे फट नसते, त्यामुळे दळण किती बारीक हे वेळेवर ठरतं, आणि तळाशी पीठ, वर अख्ख्या कण्या अशी स्थिती होते. चटणीचं छोटं भांडं घ्या, एका वेळी ३० ते ४० ग्रॅम, त्याहून कमी घातलं तर बिया नुसत्या उडतात. बटण दोन सेकंद, मग भांडं उचलून हलवायचं, पुन्हा दोन सेकंद. असं आठ-दहा वेळा, मोजून. सलग फिरवलं तर पूड गरम होते आणि सुवास स्वयंपाकघरातच उडून जातो. मग रव्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेल्या कण्या पुन्हा तीन झटके. खालचा फार बारीक भुगा पिठाच्या चाळणीने काढून टाकला तर फिल्टर तुंबत नाही. हा भुगा मी दुधात उकळून कॉफी करायला वेगळा ठेवायचे, तिथे त्याचा उपयोग होतो. गरम मसाल्याचा वास राहिलेला असेल तर वाळलेल्या पावाचा चुरा त्याच भांड्यात फिरवून टाकून द्या, वास बराच निघतो. जिऱ्याचा तरी राहतोच. कॉफीला शक्यतो वेगळं भांडं ठेवा.

आणि दांडा मध्येच अडकला तर. जोर लावू नका, हे मला फार कळकळीने सांगायचंय. बियांबरोबर वाळवणीतला बारीक खडा येऊ शकतो, आणि एका झटक्यात दात्यांची धार जाते. ती पुन्हा लावता येत नाही. जात्याच्या दगडांना छिन्नीने पुन्हा धार लावून द्यायला टाकीवाला यायचा, ग्राइंडरला कोणी येत नाही. दांडा अर्धा वळसा उलटा फिरवा, चाकी आठ-दहा क्लिक सैल करा, ग्राइंडर उलटा करून बिया ताटात ओता आणि ताटात पसरून खडा शोधा. बऱ्याचदा तो बीच्याच रंगाचा असतो, नखाने टोचलं तर कळतो. नाही सापडला तर दाते काढून उजेडात बघा. परत जोडताना शून्य आधीसारखंच, हलक्या हाताने. आणि त्या दिवसाच्या चौकोनात तसं लिहून ठेवा, म्हणजे पुढचे दोन-तीन दिवस वेळ चुकली तर का चुकली ते शोधत बसावं लागणार नाही.